जठराच्या अस्तरावरील पिवळा ठिपका : त्याची कारणे व त्याविषयीची सावधगिरी

वार्षिक अहवालातील जमाखर्चाच्या पानांबरोबर एखाद्या आजाराची ओळख सर्वसामान्य वाचकास करून द्यावी, अशी आपल्या विश्वस्त मंडळाची इच्छा असते. मधुमेह, रक्तदाब, क्षय यांसारख्या परिचित विषयांवर पुष्कळ लिहिले जाते. या वेळी मुद्दाम एक अपरिचित विषय निवडला आहे. तो आजार आहे असेही काटेकोरपणे म्हणता येत नाही. तरीही त्याच्या नावाने घरेच्या घरे घाबरलेली आम्ही पाहिली आहेत, आणि त्याकडे पाठ फिरवल्याने पुढील तपासण्या राहून गेलेलीही पाहिली आहेत.

प्रारंभी एक उदाहरण देतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घनसावंगी तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावातील साठीचे शेतकरी काही महिन्यांपासून पोटात जड वाटणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे आणि करपट ढेकर या तक्रारींनी त्रस्त होते. गावातच मिळणाऱ्या आम्लपित्ताच्या गोळ्या त्यांनी बरेच दिवस घेतल्या. अखेरीस मुलाने त्यांना जालन्यास नेऊन दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, करून घेतली. अहवालात जठराच्या खालच्या भागात चार मिलिमीटरचा पिवळसर चट्टा असून तो ‘झँथोमा’ असावा, असे लिहिले होते. शेवटचा ‘ओमा’ ऐकून कोणी तरी सांगितले की, असे शेवट असलेले शब्द कॅन्सरचे असतात. दुसऱ्याने सांगितले की, ही नुसती चरबी आहे. दोन्ही सल्ले आणि अहवालाची पिशवी घेऊन बापलेक आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले. मुलाचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टरसाहेब, बाबांच्या पोटात चरबी साठली म्हणतेत. मंग तेल-तूप बंद करावं का?”

प्रश्न अगदी स्वाभाविक होता. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देण्यासारखे नव्हते.

जठराच्या आतील बाजूस गुलाबी, ओलसर, घड्या असलेले अस्तर असते. या अस्तरात काही ठिकाणी पिवळसर पांढरा, किंचित उंचावलेला ठिपका दिसतो. बहुतेक ठिपके पाच मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे, असतात. एक सेंटिमीटरपेक्षा मोठा ठिपका क्वचितच आढळतो. बहुधा तो एकटाच असतो व जठराच्या खालच्या, आतड्याकडील भागात अधिक वेळा दिसतो. ग्रीक भाषेत ‘झँथोस’ म्हणजे पिवळा, त्यावरून झँथोमा हे नाव पडले. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ ऑर्ट यांनी १८८७ मध्ये त्याची नोंद केली होती. त्या काळी जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याची सोय नसल्याने ही नोंद शवविच्छेदनाच्या मेजावरचीच. दुर्बिणीच्या तपासण्या वाढल्या तसा हा ठिपका जिवंत माणसांत वारंवार दिसू लागला. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत त्याचे प्रमाण तपासणी झालेल्या दर शंभरांत एकाहूनही कमी ते सुमारे सात इतके भिन्न आढळले आहे. जेथे बारकाईने पाहिले जाते आणि जेथे जठराचा जुना दाह अधिक आहे, तेथे प्रमाणही अधिक.

या ठिपक्यातील तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता अस्तराच्या वरच्या थरात फुगलेल्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशींचा पुंजका दिसतो. या पेशी मुळात शरीराच्या सफाई कामगार आहेत. कोठे पेशी मेल्या, मोडतोड झाली की, तो कचरा गिळून टाकणे हे त्यांचे काम. जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षे दाह चालू राहिला की, मेलेल्या पेशींच्या आवरणांतील कोलेस्टेरॉल व इतर स्निग्ध द्रव्ये या भक्षक पेशींत साठत जातात आणि त्या तेथेच थबकतात, असे मानले जाते. तेव्हा ठिपक्यातील चरबी ताटातल्या तुपातून तेथे जाऊन बसलेली नसते. झीज झालेल्या अस्तराचाच तो राडारोडा असतो.

पापण्यांच्या कोपऱ्यात येणारे पिवळे चट्टे पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांचा रक्तातील कोलेस्टेरॉलशी संबंध असू शकतो, त्यामुळे जठरातील ठिपक्याबाबतही तीच समजूत होते. परंतु रक्तातील चरबी वाढलेली असणे आणि जठरात हा ठिपका असणे यांचा ठाम संबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. काही अभ्यासांत तो आढळतो, काहींत आढळत नाही. मधुमेहाबाबतही तसेच. रक्तातील चरबी तपासून घ्यावी, ती हृदयासाठी. जठरातील ठिपका त्यामुळे वितळेल या आशेने नव्हे.

ज्या कारणाचा संबंध वारंवार व ठळकपणे दिसून आला आहे, ते म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जीवाणूमुळे होणारा जठराचा दीर्घकालीन दाह. या जंतूची कथा सांगण्याजोगी आहे. जठरातील तीव्र आम्लात कोणताही जंतू टिकणार नाही, ही वैद्यकशास्त्राची जुनी श्रद्धा होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसत होते, पण त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवीना. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जंतू प्रयोगशाळेत वाढविण्याचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत काही दिसले नाही की बशा टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा चुकून पाच-सहा दिवस तशाच राहिल्या आणि जंतू वाढलेले आढळले. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन केले, काही दिवसांत त्यांना जठराचा दाह झाला व तो दुर्बिणीने दाखवून दिला. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली होती.

भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू असल्याचे मानले जाते. तो बहुधा बालपणीच शिरतो. एका खोलीत अनेक माणसे, हात धुण्यास अपुरे पाणी, शौचालयाचा अभाव, आजारी मोठ्या माणसाच्या उष्ट्या चमच्याने लेकराला भरवणे, हे सर्व त्याच्या प्रसारास पोषक. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात टँकरभोवती हंडे घेऊन उभे राहिलेल्यांना हात किती वेळा धुता येत होते, हे वाचकांना सांगावयास नको. त्या वर्षी जी मुले घरोघरी रांगत होती, त्यांच्या पोटातील जंतूचा हिशेब पुढील तीस-चाळीस वर्षांत लागेल.

जंतू शिरलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो. काहींच्या अस्तराची मात्र हळूहळू झीज होते, आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी कमी होत जातात. यास अपक्षयी जठरदाह म्हणतात. पुढे काही भागांत जठराचे अस्तर आतड्याच्या अस्तरासारखे होऊ लागते. हे आंत्रसदृश रूपांतर होय. त्याहीपुढे थोड्या जणांत पेशींची घडण बिघडते आणि त्यांतील काहींना कर्करोग होतो. कोलंबियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरेआ यांनी या पायऱ्यांची साखळी मांडली, व आजही तीच मान्य आहे. प्रत्येक पायरीवर बहुसंख्य माणसे थांबतात. वरची पायरी गाठण्यास दशके लागतात.

पिवळा ठिपका या साखळीतील पायरी नाही, आणि तो स्वतः कर्करोगात बदलत नाही. परंतु ज्या अस्तरात झीज व आंत्रसदृश रूपांतर झाले आहे, त्याच अस्तरात तो अधिक आढळतो. जपानमधील अभ्यासांत जठराचा कर्करोग झालेल्यांमध्ये हा ठिपका इतरांपेक्षा अधिक प्रमाणात दिसला, म्हणून तेथील तज्ज्ञ त्यास धोक्याची खूण समजतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीच्या पाण्याने गोदाकाठी पूर आला. पाणी ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची जी रेघ उरते, तिने कोणी बुडत नाही. पण पाणी कोठवर चढले होते, हे ती सांगते. रेघ पुसून टाकण्यापेक्षा भिंत आतून किती भिजली, हे पाहणे महत्त्वाचे.

इतर कारणांविषयी थोडक्यात. वय हे त्यांतील प्रमुख. पन्नाशीनंतर ठिपका अधिक आढळतो, कारण दाहाची वर्षे तितकी साठलेली असतात. काही अभ्यासांत पुरुषांत प्रमाण जास्त दिसले. पित्त उलट जठरात येत राहिल्यानेही अस्तराचा दाह होतो. या संदर्भात एक गोष्ट आमच्या भागातील वृद्धांना मुद्दाम विचारावी लागते. आजच्या प्रभावी गोळ्या येण्यापूर्वी अल्सरवर शस्त्रक्रिया सर्रास होत असे. जठराचा भाग काढून किंवा जठर थेट आतड्यास जोडून दिले जाई. अशांच्या जठरात पित्त सहज येते आणि त्यांच्यात असे ठिपके अधिक आढळतात. रुग्ण “तरुणपणी पोटाचं ऑपरेशन झालं होतं” एवढेच सांगतो. त्याचा कागद केव्हाच वाळवीने खाल्लेला असतो.

मराठवाड्याच्या जेवणातील ठेचा व लसणाची चटणी यांचा या ठिपक्याशी संबंध असल्याचा पुरावा नाही. जळजळ होत असेल तर तिखट कमी करावे, इतकेच. मिठात मुरवलेले पदार्थ सतत व भरपूर खाणे आणि धूम्रपान यांनी जठराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे मात्र निश्चित आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हा ठिपका निर्माण करीत नाहीत, पण अल्सर व रक्तस्राव करतात. आमच्याकडे येणाऱ्या शेतमजुरांत हा त्रास या लेखाच्या विषयाहून कितीतरी मोठा आहे, आणि त्यावर स्वतंत्र लेख व्हावयास हवा.

येथे प्रमाणाचे भान ठेवणे आवश्यक आहे. जपान व आपला भाग यांत मोठा फरक आहे. बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. देशातील ती पहिली ग्रामीण नोंदणी होय. तेथील नोंदींत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे. याउलट मिझोराममध्ये ते देशात सर्वाधिक असून धुरावलेले मांस, तंबाखूच्या धुराचे ‘तुइबुर’ नावाचे पाणी पिणे अशा सवयींशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. जंतू घरोघरी असूनही भारताच्या मोठ्या भागात कर्करोग कमी का, हे कोडे अजून पूर्ण सुटलेले नाही. म्हणून जपानी अभ्यासातील धोका जसाच्या तसा घनसावंगीच्या रुग्णास लावणे चुकीचे ठरेल. मात्र प्रमाण कमी असल्याने संशयच घेतला जात नाही आणि जो थोडा कर्करोग आढळतो, तो उशिरा आढळतो, ही या नाण्याची दुसरी बाजू.

अहवालात कधी ‘लायपोमा’ असाही शब्द येतो. ती निराळी गोष्ट आहे. ती अस्तराच्या खालच्या थरातील खऱ्या चरबीची मऊ गाठ असून दुर्बिणीतील चिमट्याने दाबली असता उशीत बोट रुतावे तशी दबते. जंतूशी तिचा संबंध नाही. तिचे कारण ठाऊक नाही व लहान गाठीस काही करावे लागत नाही. तीन-चार सेंटिमीटरहून मोठी झाल्यास मात्र तिच्यातून रक्तस्राव होऊ शकतो किंवा अन्न अडू शकते. अशा वेळी ती काढावी लागते.

झँथोमास स्वतः औषध लागत नाही. तरी प्रथमच दिसलेल्या ठिपक्याचा तुकडा तपासून घेणे हिताचे, कारण पिवळसर दिसणाऱ्या इतरही काही गाठी असतात. शिवाय एका विशिष्ट कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली या फेसाळ पेशींसारख्या भासू शकतात. अनुभवी विकृतितज्ज्ञ विशेष रंगद्रव्ये वापरून फरक ओळखतो. ठिपक्याबरोबर जठराच्या खालच्या व वरच्या भागातील साध्या दिसणाऱ्या अस्तराचेही तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत घ्यावेत, म्हणजे झीज किती व कोठवर पसरली आहे, हे कळते. आमच्या या शेतकरी रुग्णाचे तसे तुकडे घेतलेच नव्हते. अहवालाच्या तळाशी ‘बायोप्सीचा सल्ला दिला, नातेवाइकांनी नकार दिला’ अशी ओळ होती. मुलाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “तिथं अजून पैसे भरा म्हणाले. बसभाड्यापुरतेच उरले होते.”

देणगीदारांनी या ओळीकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. यंत्रासाठी देणगी मिळते, त्यावर नाव कोरता येते. तुकड्याच्या दोन बाटल्या, विकृतितज्ज्ञाचे शुल्क, जालन्यास जाण्यायेण्याचे भाडे आणि तीन वर्षांनी रुग्णास आठवण करून देणारा दूरध्वनी यांवर नाव कोरता येत नाही. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेत बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते. परंतु लहान रुग्णालयाचे बिलच लहान, तेव्हा दोन टक्केही लहानच. या रुग्णाची दुसरी तपासणी अशाच नाव नसलेल्या देणगीतून झाली.

तुकड्यांत झँथोमा निश्चित झाला. जंतू होता, अस्तराची झीज होती आणि आंत्रसदृश रूपांतरही आढळले. घरातील माहिती खोदून विचारली असता रुग्णाचे थोरले बंधू वीस वर्षांपूर्वी ‘पोटात गोळा होऊन’ गेल्याचे समजले. त्यांचे निदान झालेच नव्हते. तो कर्करोग होता असे आज म्हणता येणार नाही, नव्हता असेही म्हणता येणार नाही. आमचे मत असे की, निदानाविना गेलेल्या अशा मृत्यूची नोंद धोक्याच्या बाजूसच करावी.

जंतूवरील उपचार साधारणतः चौदा दिवसांचा असतो. त्यात दोन किंवा अधिक प्रतिजैविके व आम्ल कमी करणारे औषध एकत्र दिले जाते. गोळ्या पुष्कळ असतात, तोंड कडू होते, मळमळते, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बरे वाटू लागताच रुग्ण त्या सोडतो. अर्धवट उपचाराने जंतू औषधाला सरावतो. आपल्या देशात काही नेहमीच्या प्रतिजैविकांना तो आधीच बराचसा सरावलेला आहे. म्हणून उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही, याची फुंकरीची किंवा शौचाची चाचणी करणे अत्यावश्यक आहे. चाचणीपूर्वी दोन आठवडे आम्लपित्ताची गोळी बंद ठेवावी लागते, अन्यथा जंतू असूनही चाचणी ‘नाही’ दाखवू शकते. रक्तातील प्रतिद्रव्यांची चाचणी यासाठी उपयोगाची नाही. जंतू गेल्यावरही ती पुष्कळ काळ ‘आहे’च सांगते. आम्लपित्ताची रोजची गोळी आज चहासारखी घेतली जाते, हे ध्यानात घेता चुकीच्या ‘नाही’मुळे किती जण निश्चिंत राहत असतील, याची चिंता वाटते. जपानने २०१३ पासून जंतुजन्य जठरदाहाच्या या उपचाराचा खर्च सार्वजनिक विम्यात समाविष्ट केला आहे.

जंतू गेला तरी पिवळा ठिपका बहुधा तसाच राहतो. म्हणजे औषध लागू पडले नाही, असे मुळीच नाही. झीज व रूपांतर जठराच्या मोठ्या भागात पसरलेले असेल, किंवा रूपांतराबरोबरच आईवडील, भावंडे यांपैकी कोणास जठराचा कर्करोग झालेला असेल, तर साधारणतः दर तीन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करावी, असा युरोपातील तज्ज्ञांचा सल्ला आहे. झीज व रूपांतर नसल्यास केवळ ठिपक्यासाठी वारंवार तपासणीची गरज नसते, आणि तसे सांगून रुग्णाचा खर्च वाचविणे हेही डॉक्टरचे कर्तव्य आहे. काळे डांबरासारखे शौचास होणे, कारणाविना वजन घटणे, घास अडकणे, वारंवार उलटी, रक्त कमी होणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली पोटाची तक्रार, यांपैकी काहीही असेल तर मात्र ठिपका असो वा नसो, थांबू नये.

रुग्णांच्या नातेवाइकांनी येताना जुने सर्व अहवाल, विशेषतः तुकड्याचा अहवाल व शस्त्रक्रियेचा कागद, जपून आणावेत. तपासणीची छायाचित्रे असल्यास तीही आणावीत.

आमच्या रुग्णाने चौदा दिवसांच्या गोळ्या पूर्ण घेतल्या. सुनेने दिनदर्शिकेवर रोज खूण केली होती, ती घडी करून सोबत आणली. फुंकरीच्या चाचणीत जंतू आढळला नाही. पोटाचा जडपणा पुष्कळ कमी झाला आहे, पण पूर्ण गेलेला नाही. पुढील दुर्बिणीची तारीख आमच्या नोंदवहीत व त्यांच्या घरच्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, अशी दोन्हीकडे लिहून ठेवली आहे. मुलाची व दोन्ही मुलींची जंतूसाठी तपासणी करावयाची आहे. मुलगा येऊन गेला, मुली सासरी आहेत, त्यांना दिवाळीत आणतो म्हणाला. तूप बंद केलेले नाही.